पकडलेला एक्सल आणि गोल झालेले डिस्कचे बोल्ट

प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांची १५० सीसी बाइक, घर गुहागरला, समुद्र हाकेच्या अंतरावर. मागचा टायर बदलायला चाक काढायला घेतलं. नट सुटला, पण एक्सल (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा) जागचा हलेना. हातोडीनं मारून मारून आट्यांकडचं टोक पसरलं, आता नटही परत चढत नाही. दोन दिवस डब्ल्यूडी-४० मारणं चालू आहे. मधल्या वेळात ब्रेकची डिस्कही बदलून टाकू म्हणून तिचे बोल्ट सोडवायला गेलो, तर पाचातल्या दोघांची एलनची (डोक्यातली षटकोनी) खाच गोल झाली. आता ग्रायंडर लावू का?

ग्रायंडर बाजूला ठेवा. कदाचित लागेलही, पण आज नको.

मी चिपळूणला अठ्ठावीस वर्षं दुचाक्यांचं काम करतोय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा शेकडो गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. लोकांनी इंजिन ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, सीट उन्हात वाळवली आणि गाडी चालू झाली म्हणून सुटकेचा श्वास सोडला. चाकांकडे कुणी बघितलंच नाही. मग वर्ष-दीड वर्षानं पंक्चर झालं की गाडी माझ्या दारात, ‘एक्सल निघत नाही’ म्हणून. त्या काळात मी इतके एक्सल काढले की हातोडीच्या आवाजावरून कुठे अडलंय ते कळायला लागलं. तेव्हा तुमची गोष्ट मला नवी नाही. फक्त एक धरून चला: तुमच्याकडे अडकलेल्या वस्तू दोन आहेत आणि दोघींना धरून ठेवणारा वेगळा आहे. एक्सलला गंजानं धरलंय. डिस्कच्या बोल्टांना कंपनीनं आट्यांना लावलेल्या डिंकानं (थ्रेडलॉकर) आणि पांढऱ्या भुकटीनं. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की आज झालंय तसंच होतं.

आधी एक्सल. तो कशाकशातून जातो ते डोळ्यांसमोर आणा. एका बाजूचा चेन अडजस्टर, स्विंगआर्म (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा दांडा), कॉलर (अंतर राखणारी छोटी नळी), स्प्रॉकेटच्या म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या कॅरिअरचं बेअरिंग, हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) पहिलं बेअरिंग, मधली लांब नळी, दुसरं बेअरिंग, पुन्हा कॉलर, कॅलिपरचा (डिस्कला पॅडनं दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाचा) ब्रॅकेट, स्विंगआर्मची दुसरी बाजू, दुसरा अडजस्टर. सगळं लोखंड आणि त्यात लोखंडाचाच दांडा. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगेत तर केसाएवढीही फट नसते. खारी हवा, त्यात चाकाला प्रेशरच्या पाण्यानं धुवायची सवय. पाणी सीलमधून आत जातं, बाहेर यायला वाट नाही.

तर पहिलं काम हातोडीचं नाही, कानशीचं. ते पसरलेलं टोक कानशीनं घासून चारही बाजूंनी उतरतं करा. टोकाचा व्यास आट्यांच्या तळापेक्षा बारीक झाला पाहिजे. हे न करता एक्सल सरकलाच, तर ते भुंडं टोक बेअरिंग, नळी आणि स्विंगआर्मच्या भोकातून खरवडत जाईल. शेवटच्या भोकात अडकलं तर आत्ताच्या दुप्पट घाम. हा एक्सल आता गेलाच असं समजा, नवा आणायचाय, त्यामुळे घासताना हात आखडू नका. बरेच दिवस वापरायचा एक नियम सांगतो: जीव स्वस्त वस्तूचा घ्यायचा, महाग वस्तू वाचवायची. एक्सल काही शे रुपयांचा. हब, स्विंगआर्म आणि कॅलिपर त्याच्या कितीतरी पट.

मग चाकाचं वजन एक्सलवरून उतरवा. गाडी सेंटर स्टँडवर, टायरखाली फळी, फळीखाली पाचर. पाचर थोडी थोडी सरकवत जा. चाक हातानं किंचित वर-खाली हलवून बघा. ना खाली लोंबतंय, ना वर दाबलंय अशी एक जागा येते. चेन अडजस्टर पूर्ण ढिले करा, चाक पुढे ढकलून चेन स्प्रॉकेटवरून उतरवून ठेवा. कॅलिपर सोडून तारेनं बांधून वर लटकवा, पाइपवर लोंबता ठेवू नका. एवढं केल्यावर माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींचे एक्सल हातानं निघाले आहेत. मालकानं घरी तासभर ठोकलेलं असायचं आणि अडलेलं असायचं ते नुसतं चेनच्या ताणानं.

आता पाना एक्सलच्या डोक्याला लावा, नटाच्या बाजूला नाही. आधी बघून घ्या की डोकं सपाट कापलेलं आहे आणि अडजस्टरच्या खाचेत बसलंय का. तसं असेल तर ते फिरणारच नाही, फिरवायला गेलात तर अडजस्टर वाकेल. मोकळं असेल तर फिरवून बघा. दोन बोटं जरी इकडून तिकडे हललं तरी अर्धी लढाई जिंकली. जोरानं एका दिशेला रेटू नका. थोडं पुढे, थोडं मागे, तेल, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. गंजाची तपकिरी पेस्ट बाहेर यायला लागली की समजा सुटतंय. अजिबातच हललं नाही, तर बहुतेक पकड स्विंगआर्म किंवा कॉलरमध्ये आहे.

तेलाबद्दल. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण नावातच त्याचं काम लिहिलंय: पाणी हटवायचं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ मध्ये ते निघालं ते गंज येऊ नये म्हणून. आलेला गंज खोलवर भेदणं ही त्याची खासियत नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवायचं म्हणून खास तेल मागा. मिळालं नाही तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं. ही दोन नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली जोरात हलवून घ्यायची. ॲसिटोन रंग खातं, रबराची सील खराब करतं आणि ठिणगी दिसली की पेटतं. म्हणून स्प्रे करू नका. सुईच्या सिरिंजनं थेंब थेंब सोडा, कॉलर आणि स्विंगआर्मच्या फटीत. डिस्कवर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर लावा. तेलाचा हात डिस्कला किंवा पॅडला लागला तर ते पॅड फेकायचे, जाळून किंवा घासून ‘चालतील’ म्हणायचं नाही. आणि हे तेल बेअरिंगमध्ये उतरणार, आतलं ग्रीस धुऊन नेणार. बेअरिंगं नवी घालायची हे आत्ताच हिशेबात धरा. सात वर्षं खारं पाणी प्यायलेल्या बेअरिंगांचं तुम्हाला तसंही दुःख नसावं.

तेल सोडलं की ठोका. पण कसं? घरोघरी जी अर्ध्या किलोची हातोडी असते ती जोरात मारली की टोक पसरतं, दांडा जागचा हलत नाही. दोन किलोचा घण घ्या आणि मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा गोल तुकडा धरा, एक्सलपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बारीक. घण उंच उचलायचा नाही, वजनानंच पडू द्यायचा. दुसऱ्या माणसाला डोक्याच्या बाजूनं स्विंगआर्मला जड लोखंडाचा ठोकळा टेकवून धरायला सांगा, अर्थात एक्सलचं डोकं मोकळं राहील असा. नाहीतर स्विंगआर्म स्प्रिंगसारखा झुलतो आणि तुमचा घाव त्यातच विरतो. दहा-बारा घाव, मग थांबा. पुन्हा तेल. अर्धा तास चहा. पुन्हा दहा घाव. रात्रभर तसंच. सकाळी पुन्हा. माझ्या वस्तादाच्या भाषेत, ‘त्याला झोपू द्यायचं, पण नीट झोपू द्यायचं नाही.’

घाव ऐका. एक्सल पक्का असेल तेव्हा आवाज टणटणीत येतो, हाताला झिणझिण्या येतात. सुटायला लागला की आवाज बसका होतो, जणू ओल्या लाकडावर मारतोय. हा बदल इतका स्पष्ट असतो की एकदा ऐकलात तर विसरणार नाही.

एवढ्यानं नाही झालं तर बारा इंची सी-क्लॅम्प आणा. एका बाजूला एक्सलच्या डोक्यावर मोठी गोटी (सॉकेट पान्याची) अशी ठेवा की डोकं आत मावेल आणि गोटीची कड स्विंगआर्मवर टेकेल. दुसऱ्या बाजूला क्लॅम्पचा स्क्रू पितळी तुकड्यावरून एक्सलच्या टोकावर. आवळा. पूर्ण ताकद लावून नको, स्विंगआर्म वाकताना दिसला तर थांबा. ताण धरलेला असतानाच स्विंगआर्मवर, एक्सलच्या भोकाच्या कडेला हातोडीचे छोटे छोटे ठोके द्या. सतत ताण अधिक थरथर, ही जोडी नुसत्या घावापेक्षा कितीतरी जास्त काम करते. बऱ्याचदा ‘टक’ असा आवाज येतो आणि क्लॅम्प एकदम ढिला पडतो. तो आवाज ऐकायला मी आजही थांबतो.

गॅसची बत्ती इथे वापरू नका. लोखंडात लोखंड अडकलंय, दोन्ही सारखीच फुगणार; फायदा व्हायचा तर बाहेरचं तापलं आणि आतलं थंड राहिलं तरच, आणि तिथे सील, टायर, पेंट, ब्रेकची नळी सगळं हाताच्या अंतरावर. कुणी ब्रेक क्लीनरनं धुवून मग तापवायला सांगेल. क्लोरीनवाला क्लीनर तापला तर त्यातून फॉस्जिन नावाचा विषारी वायू निघतो. धुतल्यावर पूर्ण सुकू दिल्याशिवाय तिथे आगच काय, गरम हवासुद्धा नको.

दोन दिवस हे सगळं नेटानं केलं आणि एक्सल एक मिलिमीटरही सरकला नाही, तर कापा. यात कमीपणा नाही. मी साधारण ज्या वेळी कापतो त्याच्या कितीतरी नंतर लोक कापायला येतात, तोवर स्विंगआर्म वाकलेला असतो. कापायची जागा म्हणजे स्विंगआर्म आणि कॉलर यांच्यामधली फट, दोन्ही बाजूंना. अडजस्टर ढिले असल्यामुळे चाक इकडे-तिकडे ढकलून ब्लेड जाण्यापुरती जागा मिळते. बाय-मेटलचं हॅकसॉ ब्लेड नुसतं हातात, कापड गुंडाळून. एका बाजूला तास गेला तर गेला. ग्रायंडरची चकती त्या फटीत जात नाही, कॉलर आणि स्विंगआर्म दोन्ही खाते आणि ठिणग्या टायरवर उडतात. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, बाजूला ठेवा. दोन काप झाले की चाक खाली पडतं, स्विंगआर्ममधले तुकडे बाहेरून ठोकून निघतात आणि मधला तुकडा चाकासकट लेथवाल्याच्या प्रेसवर.

पुढच्या चाकाचं काम निघालं तर एकच लक्षात ठेवा: बऱ्याच फोर्कमध्ये एक्सल खालून एका छोट्या बोल्टनं आवळलेला असतो. तो आधी ढिला करायचा. तो विसरून एक्सल ठोकणारे मी मोजणं सोडून दिलंय.

आता डिस्कचे बोल्ट. इथे गोष्ट उलटी आहे. बोल्ट पोलादाचा, हब ॲल्युमिनियमचा, आणि मध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मीठ एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि आट्यांत पांढरी भुकटी धरते. त्यात कंपनीनं आट्यांना लॉकिंगचा डिंक लावलेला. शिवाय चपट्या गोल डोक्याच्या एम ८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला एलन की फक्त ५ मिलिमीटरची लागते. त्याच जाडीच्या उभ्या डोक्याच्या बोल्टला ६ ची. म्हणजे बोल्ट दणकट आणि त्याची पकड लहान मुलाची. गोल होणार नाही तर काय.

शिल्लक तीन बोल्टांवर हा क्रम वापरा, मग गोल झालेल्यांकडे वळू. चाक सुटून जमिनीवर आलं की, त्याआधी नाही. एलनची खाच सुईनं कोरून काढा. तळाशी घट्ट माती बसलेली असते, त्यामुळे की पूर्ण आत जात नाही आणि वरची कडाच पकडते; निम्मे बोल्ट इथेच मरतात. गोल बॉलच्या टोकाची की अजिबात नको. नवी, धारदार कडांची बिट गोटीत लावून आत ठोकून बसवा. मग तापवा, आणि इथे तापवणं खरंच लागतं: ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हिशेब केला तर १०० अंश तापमान वाढल्यावर एम ८ च्या आट्यांत पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. पण भुकटीचा थर फोडायला तेवढा पुरतो. डिंकाचं म्हणाल तर मध्यम ताकदीचा, निळा, हाताच्या अवजारांनी सुटतो. लाल असला तर २५० अंशांच्या आसपास नेल्याशिवाय तो सोडत नाही.

माझी आवडती युक्ती सोल्डरिंग आयर्नची. शंभर वॅटचा जुना, जाड टोकाचा आयर्न घ्यायचा, टोक एलनच्या खाचेत घालायचं आणि दहा मिनिटं तसाच टेकवून सोडून द्यायचा. उष्णता सरळ बोल्टच्या गाभ्यात उतरते, तिथून आट्यांत. हबचा रंग जळत नाही, टायरला काही होत नाही. बोल्टच्या डोक्याभोवती धुराची बारीक रेघ दिसली, किंचित गोडसर जळका वास आला की डिंक गेला. लगेच बिट आत ठोकायची, आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडवायच्या. ‘कच्’ असा कोरडा आवाज येतो. हॉट एअर गनही चालते, फक्त एबीएस असेल तर तिची रिंग आणि सेन्सर आधी बाजूला काढा. आणि हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर जवळ असेल तर पान्यापेक्षा तो बरा, कारण तो बिटला बाहेर सरकू देत नाही.

गोल झालेल्या दोघांसाठी टॉर्क्स बिट, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारखी. ५ च्या एलनमध्ये टी-३० आणि ६ च्या एलनमध्ये टी-४० ठोकून बसते. किंचित मोठी असल्यामुळे ती स्वतःच्या कडा कोरत आत जाते. आधी सोल्डरिंग आयर्न, मग बिट, मग इम्पॅक्ट. दहातले सात-आठ बोल्ट माझ्याकडे इथेच निघतात.

नाहीच निघाले तर डोकं उडवा. पंचनं बरोबर मध्यावर खूण, आधी ४ चं ड्रिल, मग ६ चं, मग ८ चं, पण डोक्याच्या जाडीइतकंच खोल. डोकं चकतीसारखं निघून ड्रिलला अडकतं आणि डिस्क उचलून बाजूला होते. आता गंमत बघा: डोकं गेल्याबरोबर बोल्टवरचा ताण संपला. उरलेला खुंट डिस्कच्या जाडीएवढा वर राहतो. त्याला पुन्हा आयर्ननं तापवून ग्रिप प्लायरनं धरा, बरेचदा साध्या स्क्रूसारखा फिरून येतो.

‘इझी आउट’ म्हणून मिळणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र शक्यतो लांब ठेवा. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या अलॉय व्हीलमध्ये माझा तो आतच मोडला. तो इतका कडक असतो की ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. शेवटी चाक पुण्याला पाठवून डाय बनवणाऱ्याकडे स्पार्क इरोजननं तो तुकडा जाळून काढला. त्या महिन्यात मी मजुरी घेतली नाही, दिली. आटे गेलेच तर घाबरू नका, जाणकार टर्नर एम ८ ची स्टीलची गुंडाळीवजा इन्सर्ट घालून देतो, ती मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूतच होते.

बेअरिंग काढताना आतल्या रिंगेला ड्रिफ्ट (ठोकायची सळई) लागत नसेल तर भिंतीत ठोकायचा अँकर फास्टनर आत घालून आवळा, तो फुलून रिंग पकडतो, दुसऱ्या बाजूनं ठोका. हब आधी गरम पाण्याच्या फडक्यांनी किंवा गनीनं हात लावता येणार नाही इतका तापवा. ६३०२ नंबरच्या बेअरिंगचं बाहेरचं माप ४२ मिलिमीटर. ऐंशी अंश वाढले तर तिथे ०.०४ मिलिमीटरची सूट मिळते, आणि बेअरिंगसाठी ती भरपूर आहे.

मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या तेलाच्या डबीच्या) झाकणाचे स्क्रू सोडवायला गेलात तर साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर नको. जपानी घराण्यातल्या गाड्यांचे ते चौफुली स्क्रू जेआयएसचे (जपानी मापाचे) असतात, डोक्यावर बारीक टिंब दिसतं. फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच खातो.

बसवताना: डिस्कचे बोल्ट नवेच, पाचही. भोकातले आटे नवीन टॅपनं कापू नका. एका जुन्या बोल्टला हॅकसॉनं उभी चीर पाडा, तो हातानं आत-बाहेर फिरवला की चिरेत जुना डिंक आणि भुकटी जमा होते. भोक क्लीनरनं धुऊन सुकवा, निळ्या डिंकाचा एक थेंब, आणि एक सोडून एक असे बोल्ट थोडे थोडे करत आवळा. इथे ग्रीस नाही. नव्या एक्सलला मात्र सगळ्या लांबीवर ग्रीसचा पातळ हात, बोटानं पुसल्यावर उरेल एवढाच. कॉलर आणि सीलच्या ओठांनाही. आट्यांवर ग्रीस फासून मॅन्युअलमधल्या कोरड्या टॉर्कला (आवळायच्या जोराच्या मापाला) आवळू नका, तसं केल्यास प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. स्प्लिट पिन किंवा नायलॉनचा नट असेल तर तोही नवा.

आणि कोकणात राहता, तर दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी एकदा एक्सल नुसता बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत घाला. वीस मिनिटांचं काम आहे.

चाक चढल्यावर गाडी रस्त्यावर नेण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. कॅलिपर काढला की पिस्टन मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली जातं. गुहागरच्या उतारावर ते कळून उपयोग नाही.